पेशंट कुठल्या कॉलममध्ये आहेत? : एमबीबीएसचं कॉलेज निवडताना



नीटचा निकाल लागला की माझ्याकडे दरवर्षी एकच प्रश्न येतो. "दादा, एवढे मार्क पडलेत, कुठलं कॉलेज घेऊ?" आता गंमत अशी की मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलंय, हिंजवडीत कोड लिहितो आणि रक्त बघितलं की आजही मान फिरवतो. पण २०२३ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं अ‍ॅडमिशन घरात मी सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, आधी चुकवलं आणि नंतर तिनेच दुरुस्त केलं. आजचा भाग त्या चुकीबद्दल आहे. बसमध्ये ऐकत असाल तर लिहून घ्यायची गरज नाही, हे सगळं इथे मजकुरात असणारच आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडलं ते माहितीपुस्तिकेतला फोटो बघून. काचेची इमारत, समोर कारंजं, आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. कारंजं चार वर्षांत दोनदाच चालू झालं, दोन्ही वेळा तपासणी समिती आली होती म्हणून. पण माझं फार बिघडलं नाही. का? कारण मी जे काम शिकलो ते लॅपटॉपवर, रात्री, हॉस्टेलच्या खोलीत बसून. कॉलेज म्हणजे डोक्यावरचं छप्पर होतं. छप्पर गळकं असलं तरी अभ्यास करता आला.

मला वाटलं, मेडिकलचंही असंच असणार. इथेच चुकलो.

आम्ही मराठवाड्यातले. पप्पा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. घरची चार एकर जमीन. बहिणीने एक वर्ष गॅप घेऊन लातूरला राहून नीट दिली. मार्क चांगले होते, पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी कॉलेजांना पुरतील असे नव्हते. म्हणजे बघा, सगळ्यात अडचणीची जागा. वर असता तर प्रश्न नव्हता, खाली असता तर पर्याय नव्हते. मध्ये असलं की घरातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो.

मामा म्हणाले, "काळजी करू नका, आपल्याला मराठवाड्याचा कोटा आहे." त्यांना सत्तर-तीसचा नियम म्हणायचा होता. राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातल्या मुलांना. तो नियम २०२० च्या सप्टेंबरमध्येच रद्द झालाय. मामांच्या मुलाच्या वेळी होता, म्हणून त्यांच्यासाठी अजून होता. तर पहिली गोष्ट : घरातल्यांचा अनुभव ऐका, पण नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा. सीईटी सेलची पुस्तिका कंटाळवाणी असते, मान्य. तरी वाचा.

मग मी काय केलं? इंजिनिअरने करायचं तेच. एक्सेल उघडलं. कॉलेजचं नाव, गेल्या वर्षीचा कटऑफ, फी, स्थापनेचं वर्ष, घरापासूनचं अंतर, हॉस्टेल, गूगलवरचे स्टार. प्रत्येक कॉलमला वजन दिलं, फॉर्म्युला लावला, चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल. तीन रात्री बसलो होतो. शीटमध्ये सगळ्यात वर हिरवंगार आलं ते पुण्यापासून फार लांब नसलेलं, हायवेलगतचं एक खासगी कॉलेज.

फीचा आकडा पप्पांनी वाचला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "विहिरीकडचे दोन एकर काढू. गिऱ्हाईक आहे."

मी गप्प. खरं सांगतो, मनातून मला ते पटलंही होतं. शिक्षणासाठी जमीन विकणं म्हणजे आपल्याकडे अभिमानाची गोष्ट. तेवढ्यात बहीण लॅपटॉपजवळ आली. शीट वरून खाली वाचलं, डावीकडून उजवीकडे वाचलं आणि विचारलं, "दादा, यात पेशंट कुठल्या कॉलममध्ये आहेत?"

नव्हते. एकाही कॉलममध्ये नव्हते.

मंडळी, या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. एमबीबीएसला तुम्ही कॉलेज निवडत नाही, तुम्ही हॉस्पिटल निवडता. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षं. त्यातलं पुस्तकातलं तुम्ही कुठेही वाचाल. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांची परीक्षा तर एकच विद्यापीठ घेतं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रश्नपत्रिका तीच, अभ्यासक्रम तोच. मग फरक कुठे पडतो? न्यूमोनिया झालेल्या छातीचा आवाज तुम्ही किती वेळा कानाने ऐकला, यात पडतो. तो आवाज यूट्यूबवर ऐकता येतो, पण समोरचा माणूस खोकतोय, त्याची बायको शेजारी रडतेय आणि त्या गोंधळात तो आवाज ओळखणं, हे वॉर्डातच शिकता येतं. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत मी कोड लिहायला शिकलो. हॉस्टेलच्या खोलीत बाळंतपण करायला शिकता येत नाही.

आता कटऑफबद्दल. कटऑफ म्हणजे हॉटेलबाहेरची रांग. रांग मोठी आहे म्हणजे लोकांना तिथे जायचंय, एवढंच कळतं. का जायचंय ते रांग सांगत नाही. काही ठिकाणी कारण खणखणीत असतं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, त्याला जेजे हॉस्पिटल जोडलेलं. जीएस मेडिकल १९२६ चं, त्याला केईएम. पुण्याचं बीजे १९४६ चं, त्याला ससून. नागपूरचं मेडिकल १९४७ चं. तिथे पेशंटची रांग आधी, म्हणून विद्यार्थ्यांची रांग नंतर. यातलं काही तुम्हाला मिळत असेल तर हा भाग इथेच बंद करा आणि पेढे वाटा. पण पुढे यादीत जसजसे खाली जाल तसतसा कटऑफ हॉस्पिटलबद्दल कमी आणि शहराबद्दल जास्त बोलायला लागतो. पुण्याजवळ आहे, कटऑफ वर. जिल्ह्याच्या गावी आहे, कटऑफ खाली. माझं शीट मुळात पुणं मोजत होतं.

मग आम्ही ठरवलं, जाऊन बघायचं. मी सुट्टी टाकली. तीन ठिकाणं, चार दिवस, बराचसा प्रवास एसटीने.

पहिलं ते हिरवंगार खासगी. नाव सांगणार नाही, कारण मी तिथे एकच दिवस होतो. आत संगमरवरी फरशी, एसी. ओपीडीत साडेअकरा वाजता खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. आम्ही नातेवाईक शोधतोय असं दाखवून वॉर्डातून चक्कर मारली. एका बाजूला बारा खाटा, पेशंट दोन. बाकीच्या खाटांवर चादरी इतक्या कडक होत्या की घडीच्या रेघा दिसत होत्या. बहीण हळूच म्हणाली, "यांच्यावर कुणी झोपलेलंच नाहीये रे."

नियम काय म्हणतो ते सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे वर्षाला १५० जागा असलेल्या कॉलेजला ६०५ खाटांचं हॉस्पिटल लागतं आणि त्यातल्या ८० टक्के खाटा भरलेल्या असायला हव्यात. कागदावर सगळीकडे असतात. म्हणून डोळ्यांनी बघायचं.

आणि हेही तितकंच खरं, की खासगी म्हणजे रिकामं असं समीकरण नाही. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान बघा, १९६९ पासून एक सोसायटी चालवतेय, आणि आजूबाजूच्या खेड्यांतले पेशंट तिथे येतात. काही जुन्या ट्रस्टची हॉस्पिटलंही अशीच भरलेली असतात. मुद्दा मालक कोण हा नाही. खाटेवर कुणी आहे का, हा आहे.

दुसरं ठिकाण, जिल्ह्याचं नवं सरकारी कॉलेज. सिव्हिल हॉस्पिटललाच जोडलेलं, नुकतंच सुरू झालेलं. इमारतीचा रंग उडालेला. केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग गेटबाहेर, रसवंतीपर्यंत. कॅज्युअल्टीत एक जण साप चावलेला, एक बाई विष घेतलेली, एक पोरगा मोटरसायकलवरून पडलेला, आणि आम्ही तिथे असेन वीस मिनिटं. लेबर वॉर्डच्या सिस्टरना बहिणीने विचारलं, रात्री किती बाळंतपणं होतात? त्या म्हणाल्या, "मोजायला सवड मिळाली तर सांगते."

पण दुसरी बाजूही होती. दोन विभागांत शिकवणारे प्रोफेसर आलेलेच नव्हते. मुलींचं हॉस्टेल भाड्याच्या इमारतीत. लायब्ररीत पुस्तकांची खोकी अजून उघडायची होती.

तिसरं, विदर्भातलं जुनं सरकारी कॉलेज. आमच्या गावाहून रात्रभराचा प्रवास. तिथे कॅन्टीनला इंटर्न भेटले. आणि मंडळी, खरी माहिती हवी असेल तर इंटर्नला चहा पाजा. डीनसाहेब कॉलेजबद्दल सांगतात, इंटर्न ड्युटीबद्दल सांगतो. आम्ही विचारलं, स्वतःच्या हाताने काय काय करता? एक जण म्हणाला, "सलाइन लावतो, टाके घालतो, नॉर्मल डिलिव्हरी करतो. आणि हो, रक्ताचे नमुने घेऊन लॅबपर्यंत पळतो, स्ट्रेचरही ढकलतो." म्हणजे शिकणं आणि राबणं दोन्ही एकाच ताटात. स्टायपेंड वेळेवर येतो का, तेही विचारलं. तो हसला. म्हणजे समजून घ्या.

या चार दिवसांत आम्ही जे विचारायला शिकलो ते थोडक्यात सांगतो.

एक, सोमवारी सकाळी दहाला ओपीडी बघा. सोमवारी गर्दी नसेल तर कधीच नसते.

दोन, इंटर्नला विचारा, रात्रीच्या ड्युटीत वर कोण असतं? सिनिअर फोनवर सापडतो की वॉर्डात? पीजीच्या जागा असल्या तर निवासी डॉक्टर खाटेशेजारी उभं राहून शिकवतात, हा फायदा. पण काही ठिकाणी हाताने करायचं कामही तेच करून टाकतात, हा तोटा. दोन्ही विचारा.

तीन, फी एका वर्षाची नाही, पूर्ण कोर्सची लिहा. हॉस्टेल, मेस, अनामत, सगळं धरून. अभिमत विद्यापीठांमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसती ट्यूशन फीच वर्षाला २० लाखांच्या वर जाते. एमबीबीएसनंतर पीजी करायची असते हेही विसरू नका. सगळे पैसे पहिल्याच पायरीवर संपवू नका. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे नियम महाडीबीटीवर त्या वर्षीचे वाचा.

चार, बाँड. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलात तर नंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथलं बाँड वेगळं, वर्षं वेगळी, दंड वेगळा. सही करण्याआधी वाचा.

पाच, भाषा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून, एमसीसीमार्फत भरतात. त्यातून तमिळनाडूत किंवा बंगालमध्ये सीट मिळू शकते. मिळाली तर आनंदाने जा, पण पेशंट तमिळमध्ये किंवा बंगालीतच बोलणार. पहिल्याच वर्षात भाषा शिकायची तयारी हवी.

आणि एजंटचा फोन तर येणारच. "परदेशात एमबीबीएस, निम्म्या पैशात." फोन कट करायच्या आधी त्याला चार गोष्टी विचारा. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याइतकी ती पदवी पक्की हवी. शिवाय परत आल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. लेखी उत्तर मागा. बहुतेक वेळा फोन तोच कट करतो.

आता शेवटची लढाई, चॉइस फिलिंग. इथे मात्र माझं इंजिनिअरिंग कामाला आलं.

बहिणीला पहिला क्रमांक विदर्भातल्या जुन्या कॉलेजला द्यायचा होता, दुसरा जिल्ह्याच्या नव्या कॉलेजला. पप्पा म्हणाले, "विदर्भातलं मिळणं अवघड आहे. जे मिळण्यासारखं आहे ते वर टाक, नाहीतर तेही हातचं जाईल." हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून नीट ऐका.

मशीन काय करतं? मेरिटप्रमाणे एकेका विद्यार्थ्याला बोलावतं. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचतं. पहिल्या कॉलेजात तुमच्या वाट्याची जागा शिल्लक आहे? नाही. दुसऱ्यात? आहे. दिली, संपलं. तुम्ही एखादं कॉलेज पहिलं टाकलंत की सातवं, हे त्या कॉलेजला कळतही नाही. तुमच्यापेक्षा कमी मेरिटच्या मुलाने ते पहिलं टाकलं असलं तरी त्याचा नंबर तुमच्यानंतरच येतो. म्हणजे अवघड कॉलेज वर टाकल्याने तुमचं काहीही जात नाही. सोपं कॉलेज वर टाकलंत तर मात्र जातं, कारण मशीन तिथेच थांबतं आणि खालचं वाचतच नाही. म्हणून यादी मनापासूनच्या आवडीच्या क्रमाने लावा. अंदाज बांधून लावू नका.

मी पप्पांना हे एसटीच्या रिझर्वेशनवरून समजावलं. खिडकीची सीट आधी मागितली म्हणून आतली सीट देणार नाही, असं कुठला कंडक्टर म्हणतो? ते हसले. मग म्हणाले, "मी म्हणायचो कधीकधी." पण पटलं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. जिथे खरोखर जाणार नाही ते कॉलेज यादीत टाकूच नका. मिळालं आणि सोडलं तर अनामत, पुढच्या फेरीचा हक्क, यांचे नियम फेरीप्रमाणे कडक होत जातात. आणि ते स्टेटस रिटेन्शनचं फॉर्म. भरलंत तर मिळालेली जागा पक्की आणि पुढच्या फेरीतून तुम्ही बाहेर. नाही भरलंत आणि पुढच्या फेरीत वरची जागा लागली, तर आधीची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीत जाताना मिळालेल्या जागेपेक्षा खरंच चांगली वाटतील तीच कॉलेजं भरा.

आमच्या यादीतून ते हिरवंगार कॉलेज बहिणीने स्वतः काढलं. पहिल्या फेरीत जिल्ह्याचं नवं कॉलेज लागलं. फॉर्म भरलं नाही, विदर्भाची वाट बघितली. नाही लागलं. ती तिथेच राहिली.

आता गोष्ट इथे गोड करून संपवली तर खोटं होईल. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रात्री दीडला तिचा फोन आला, रडत होती. हॉस्टेलला दोन दिवस पाणी नव्हतं, एका विषयाचं लेक्चर महिनाभर झालं नव्हतं. "दादा, आपण चुकलो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉस्पिटल बघण्याच्या नादात आम्ही हॉस्टेलच्या मुलींशी नीट बोललोच नव्हतो. तो माझा दुसरा रिकामा कॉलम. तुम्ही तो ठेवू नका. पाणी, मेस, रात्री हॉस्पिटलमधून परत यायचा रस्ता, रॅगिंगची तक्रार कुणाकडे करायची, हे मुलींनाच विचारा. मुलांनीही विचारा.

आता ती तिसऱ्या वर्षात आहे. प्रोफेसर आलेत, पाण्याचं अजून अधूनमधून चालूच आहे. मागे एकदा फोनवर सांगत होती. वॉर्डात एक आजी आल्या, सर विचारतात काय होतंय, तर आजी एवढंच म्हणतात, "घाबरं व्हायलंय." एवढ्यावरून काय लिहायचं ते बाकीच्यांना कळेना. हिने खाटेवर बसून, आमच्या आजीशी बोलावं तसं विचारलं. कधीपासून, जिना चढताना होतं का, घाम येतो का, हात दुखतो का. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ईसीजी काढायला सांगितला. पुढे काय निघालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पेशंटचं पेशंटपाशी. पण तिचा आवाज दीड वाजताच्या त्या फोनसारखा नव्हता.

ते एक्सेल शीट माझ्याकडे अजून आहे. आता त्यात दोन कॉलम जास्त आहेत. कुणी मागितलं की पाठवतो, पण सोबत एक ओळ लिहितो : भरायच्या आधी सोमवारी सकाळी जाऊन ये.

विहिरीकडच्या दोन एकरांत यंदा पप्पांनी सोयाबीन पेरलंय. भाव पडलेलाच आहे, पण जमीन आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि चॉइस फिलिंगची शेवटची तारीख आज रात्रीची असेल तर साइट हँग व्हायच्या आत भरून टाका.